पोटॅशियम वाढलं म्हणून औषध थांबवायचं? नाशिकमधलं एक प्रकरण

रक्तातलं पोटॅशियम वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की पहिली कात्री बहुतेक वेळा हृदयाच्या आणि किडनीच्या औषधांवर चालते. रॅमिप्रिल बंद, टेल्मिसार्टन बंद, स्पायरोनोलॅक्टोन बंद. आकडा खाली येतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, पण ज्या औषधांच्या आधारावर रुग्ण उभा असतो तीच गेलेली असतात. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या बाबतीत हे एकदा घडलं आणि दुसऱ्यांदाही घडलं असतं. दुसऱ्या वेळी आम्ही वेगळा मार्ग धरला. त्यात पोटॅशियम पकडून ठेवणाऱ्या नव्या पावडरीचा वाटा मोठा होता, पण श्रेय एकट्या पावडरीचं नव्हतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितो आहे.

ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. लिहायला रुग्णाची आणि घरच्यांची परवानगी आहे. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

रुग्ण

आबांचं वय ६१. मधुमेह पंधरा वर्षांचा, बीपीचा त्रासही जवळपास तितकाच जुना. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली आणि त्यानंतर हृदयाचं पंपिंग ३३ टक्क्यांवर राहिलं. लघवीतून प्रथिनं जातात. क्रिएटिनिन (किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढणारा घटक) २.० च्या आसपास, म्हणजे त्यांच्या वयाला किडनीची गाळण्याची क्षमता साधारण ३७. रोजच्या गोळ्यांत रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, मेटोप्रोलॉल, टॉर्सेमाइड, ॲटोर्व्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि मधुमेहाची औषधं. पाच एकर बाग स्वतः बघतात. फवारणीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ, पण गोळ्यांची नावं सुनेला विचारावी लागतात.

पोटॅशियम वाढायला लागणारी जवळजवळ सगळी कारणं या एका माणसात आधीपासून होती. किडनी अर्ध्यावर, मधुमेह, कमजोर हृदय आणि त्या हृदयासाठी दिलेली अशी औषधं, जी मुळातच किडनीतून पोटॅशियम बाहेर पडणं कमी करतात.

पहिला प्रसंग

डिसेंबरच्या शेवटी, निफाडला कडाक्याची थंडी असताना, आबांचं नेहमीचं रक्त गावाजवळच तपासायला दिलं गेलं. नमुना संध्याकाळी घेतला, रात्रभर तसाच फ्रीजमध्ये राहिला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला पोचला, असं मुलाकडून नंतर कळलं. पोटॅशियम आलं ५.९. सर्वसाधारण मर्यादा ३.५ ते ५.० धरतात, काही लॅब ५.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच दिवशी फोनवर रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही बंद करायला सांगितलं गेलं. जोडीला आतड्यात पोटॅशियम पकडणाऱ्या जुन्या औषधाच्या, कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेटच्या, पुड्या लिहून दिल्या.

त्या ५.९ वर माझा आजही पूर्ण विश्वास नाही. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशींच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप ते आत ओढून ठेवतो आणि थंडीत हा पंप मंदावतो. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) वेगळं न करता रक्त फ्रीजमध्ये ठेवलं की तांबड्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्टवरचा आकडा फुगतो. दंडाला पट्टा घट्ट बांधून मुठीची उघडझाप करायला लावली, किंवा रक्त जोरात ओढताना पेशी फुटल्या, तरी हेच होतं. ईसीजी काढून, नमुना पुन्हा घेऊन, सीरम लगेच वेगळं करून तपासलं असतं तर एका दिवसात खरं-खोटं कळलं असतं. तालुक्याच्या गावांतून शहरात रक्त पाठवताना ही काळजी घेणं अवघड आहे हे मान्य, पण पोटॅशियमच्या बाबतीत ती टाळता येत नाही.

पुड्या आबांना सोसल्या नाहीत. तोंडात वाळू आल्यासारखं वाटायचं, पोट घट्ट झालं. आठवड्याभरात त्यांनी त्या सोडून दिल्या. दोन गोळ्या मात्र बंदच राहिल्या.

मार्चमध्ये, माल काढणीला आलेला असताना, आबांना दम लागू लागला. पाय गुडघ्यापर्यंत सुजले, रात्री उशीला टेकून बसावं लागायचं. फुफ्फुसात पाणी भरलेल्या अवस्थेत ते नाशिकला आमच्याकडे दाखल झाले. पाणी उतरवल्यावर आम्ही दोन्ही औषधं कमी मात्रेत पुन्हा सुरू केली आणि मूळच्या मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनची भर घातली. हे औषध हृदयाला आणि किडनीला उपयोगी आहेच, शिवाय या गटातल्या औषधांनी पोटॅशियम फार वाढण्याचा धोकाही थोडा कमी होतो. उन्हाळा-पावसाळा पोटॅशियम ५.० ते ५.३ मध्ये रेंगाळलं. धाकधूक होती, पण आबा बागेत उभे होते.

ही औषधं इतकी धरून का ठेवायची, असं कोणी विचारेल. स्पायरोनोलॅक्टोनचं मोठं संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. हृदय खूप कमजोर झालेल्या १,६६३ रुग्णांमध्ये या औषधानं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. जगभर डॉक्टरांनी ते भराभर लिहायला सुरुवात केली आणि त्याची दुसरी बाजू कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींतून २००४ मध्ये पुढे आली. १९९४ ते २००१ या काळात, हृदय कमजोर असलेल्या वयस्कर रुग्णांमध्ये, पोटॅशियम वाढून दाखल होण्याचं प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेलं होतं. औषध तेच, पण संशोधनातली निवड आणि देखरेख रोजच्या व्यवहारात उतरली नव्हती. आमच्या क्षेत्रात तेव्हापासून ही ओढाताण आहे आणि नव्या पावडरींचं महत्त्व तिच्यामुळेच आहे.

नवरात्र

ऑक्टोबरमध्ये, नवरात्राच्या सातव्या माळेला, आबांना मुलगा आणि सून गाडीतून घेऊन आले. पायात जीव नाही, छातीत कसंतरी होतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. नाडी ४४. ईसीजीत टी लहरी उंच आणि टोकदार, पी लहरी जवळजवळ सपाट, क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची मुख्य लहर, रुंदावलेला. लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करावा असं चित्र होतं ते. काही मिनिटांत ब्लड गॅसच्या मशीनवर पोटॅशियम आलं ६.९. क्रिएटिनिन ३.२, रक्तातलं आम्ल शमवणारं बायकार्बोनेट १६, साखर २८८.

ईसीजी मॉनिटरवर लक्ष ठेवत कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं, १० टक्क्यांचं १० मिली. काही मिनिटांत क्यूआरएस आवळला. कॅल्शियम पोटॅशियम एक कणही कमी करत नाही. ते हृदयाच्या स्नायूला त्या विषारी पातळीपासून अर्धा-पाऊण तास सांभाळतं. तेवढ्या वेळात इन्शुलिन द्यायचं, ते पोटॅशियम पेशींत ढकलतं. किडनी कमजोर असल्यानं आम्ही १० ऐवजी ५ युनिट दिलं. साखर आधीच २५० च्या वर होती, म्हणून ग्लुकोज सुरुवातीला दिलं नाही, पण पुढचे सहा तास दर तासाला साखर तपासली आणि ती उतरू लागल्यावर डेक्स्ट्रोज सुरू केलं. नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉलही दिलं, हृदय पाहता कमी मात्रेत. डायलिसिसच्या टीमला तयार राहायला सांगितलं.

नव्या पावडरीची, म्हणजे सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेटची, पहिली १० ग्रॅमची पुडी या सगळ्यानंतर दिली. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. ईसीजी बिघडलेला असताना पावडर पाजून वाट बघत बसणं धोक्याचं आहे. तिचा परिणाम तासाभरात सुरू होतो, तरी कॅल्शियम आणि इन्शुलिनची जागा ती घेऊ शकत नाही. उलट इन्शुलिननं आत ढकललेलं पोटॅशियम चार-सहा तासांत पुन्हा बाहेर येतं. त्या वेळी ते शरीराबाहेर काढणारं काहीतरी कामाला लागलेलं असावं लागतं. लघवी, डायलिसिस आणि आतडं, बाहेरचे मार्ग एवढेच. आबांना लघवी होत होती, पावडर आतड्यात काम करत होती, त्यामुळे डायलिसिस टळलं. दोन तासांनी ६.२, सहा तासांनी ५.७, दुसऱ्या दिवशी ५.२, अठ्ठेचाळीस तासांनी ४.७.

पोटॅशियम आलं कुठून

आकडा उतरला म्हणून काम संपलं, असं मानायला मी तयार नव्हतो. आबांच्या सूनबाईंना शेजारी बसवून मागच्या आठवड्याचं खाणं-पिणं, औषधं, सगळं एकेक करून विचारलं. त्या हुशार आणि नेटक्या आहेत, काहीही लपवलं नाही.

नवरात्राचे नऊ दिवस आबा उपास करतात, सप्तशृंगीवर श्रद्धा आहे. त्या आठवड्यात रोज उकडलेली रताळी किंवा बटाटे, शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी, दोन केळी, खजूर, घरचेच बेदाणे. अशक्तपणा वाटायला लागल्यावर कोणीतरी सांगितलं म्हणून रोज एक शहाळं. आता हिशोब करू. १०० ग्रॅम बटाट्यात ४०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, एका केळ्यात साधारण ३५० ते ४००, ५० ग्रॅम शेंगदाण्यांत ३५०, ५० ग्रॅम बेदाण्यांत पावणेचारशे, मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात सहाशेच्या पुढे. बेरीज सहज तीन ग्रॅमच्या वर जाते. निरोगी किडनी ते मुकाट्यानं बाहेर टाकते, आबांच्या किडनीला ते झेपलं नाही. उपासाच्या पदार्थांपैकी बिचारा साबुदाणा या बाबतीत निर्दोष आहे, त्यात पोटॅशियम नगण्य. अडचण त्यातल्या कुटाची आणि बटाट्याची. शिवाय मधुमेहात साबुदाणा साखर वाढवतो, ते वेगळंच.

मग मिठाची पिशवी. बीपीसाठी चांगलं म्हणून सूनबाईंनी तीन महिन्यांपूर्वी कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. घरात सगळ्यांसाठी तेच. पाकिटाचा फोटो त्यांनी फोनवर मागवला, त्यावर ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड. दिवसाला पाच ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्यातून जवळपास ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, चवीला कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरण्याची शिफारस केली, पण किडनीचा आजार असलेल्यांना त्यातून वगळलं आहे. सूनबाईंना फार वाईट वाटलं. त्यांच्या हेतूत काही खोट नव्हती, आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूवर हृदयाचं चित्र मोठं होतं, किडनीची सूचना मागे बारीक अक्षरात.

तिसरी गोष्ट आबांनी स्वतःच सांगितली. नवरात्र आणि ऑक्टोबर छाटणी एकत्र आली होती. दिवसभर बागेत वाकून उभं राहायचं, कंबर धरायची, म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली आणि सकाळ-संध्याकाळ घेतली. डायक्लोफिनॅक होतं ते. रॅमिप्रिल, पाण्याची गोळी (लघवी वाढवणारं टॉर्सेमाइड) आणि वर हे वेदनाशामक, त्यात ऑक्टोबरची उन्हं आणि उपासामुळे कमी पाणी. किडनीचा रक्तपुरवठा आटायला एवढं पुरतं. क्रिएटिनिन २.० वरून ३.२ वर जाण्याचं मुख्य कारण मी यालाच मानतो.

बद्धकोष्ठही होतं. किडनी कमजोर झाली की आतडं नेहमीपेक्षा जास्त पोटॅशियम बाहेर टाकायला लागतं, त्यामुळे अशा रुग्णाचं पोट रोज साफ होणं हा उपचाराचाच भाग असतो. ही साधी चौकशी मी दरवेळी करतो आणि दरवेळी तिचा उपयोग होतो.

पावडर करते काय

जुन्या राळेपासून, म्हणजे आबांना आधी दिलेल्या पुड्यांच्या जातीपासून, सुरुवात केली तर नव्याचं नवेपण कळतं. सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेटला अमेरिकेत १९५८ मध्ये मंजुरी मिळाली. औषध खरोखर परिणामकारक आहे याचा पुरावा मागणारा कायदा तिथे १९६२ चा. म्हणजे आजच्या निकषांवर न तपासता ही राळ अनेक दशकं जगभर दिली गेली. आपल्याकडे तिचा कॅल्शियमवाला प्रकार जास्त चालतो. तिच्यावरचे ऋणभारित गट आतड्यातला कुठलाही धनभारित आयन पकडतात. पोटॅशियम तर जातंच, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियमही जागा अडवतात. सॉर्बिटॉलबरोबर दिल्यावर आतड्याचा भाग सडण्याच्या घटना पुढे आल्या आणि २००९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं तो मेळ टाळायला सांगितलं. तरीही ज्यांना दुसरं काही परवडत नाही त्यांना, पोट साफ असेल तर, थोड्या दिवसांसाठी ही पुडी मी लिहितो. ती निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही.

पाटिरोमर २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हे रक्तात न शोषल्या जाणाऱ्या पॉलिमरचे अगदी बारीक गोल मणी असतात. ते मुख्यतः मोठ्या आतड्यात कॅल्शियम सोडून पोटॅशियम धरतात. असर सुरू व्हायला सात तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे तातडीसाठी ते नाहीच. मॅग्नेशियम उतरू शकतं आणि बाकीच्या गोळ्यांपासून तीन तासांचं अंतर ठेवावं लागतं. याचा माझ्या दृष्टीनं सर्वांत बोलका अभ्यास २०१९ चा आहे. औषधांना दाद न देणारी बीपी आणि कमजोर किडनी अशा २९५ रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिलं, निम्म्यांना सोबत पाटिरोमर. बारा आठवड्यांनी पाटिरोमरच्या गटात ८६ टक्के रुग्ण स्पायरोनोलॅक्टोनवर टिकून होते, दुसऱ्या गटात ६६ टक्के. उतरलेल्या आकड्यापेक्षा हे टिकून राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तिसरं, आबांना दिलेलं सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट. हे सेंद्रिय पॉलिमर नसून स्फटिक आहे. झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळीत सुमारे तीन अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) रुंदीची छिद्रं असतात आणि पाण्याचं वेष्टण उतरवलेला पोटॅशियमचा आयन जवळजवळ तेवढाच, २.९८ अँगस्ट्रॉमचा. आबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना निर्यातीच्या द्राक्षाचा मणी मोजायच्या रिंगची आठवण दिली. बेतानं बसणाराच तिथे धरला जातो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन आकारानं लहान आहेत. पाण्याचं वेष्टण टाकून त्या छिद्रात बसणं त्यांना परवडत नाही, म्हणून ते बाहेरच राहतात. आपल्या पेशींच्या आवरणात पोटॅशियमची जी वाट असते तीही अशाच मापाच्या नेमकेपणावर चालते. अमोनियमचा आयन मात्र पोटॅशियमएवढाच, त्यामुळे तोही थोडा पकडला जातो आणि रक्तातलं बायकार्बोनेट किंचित सुधारतं. आबांचं बायकार्बोनेट १६ होतं, तेव्हा हा जोडफायदाच होता.

पोटॅशियम घेताना हे स्फटिक सोडियम आणि हायड्रोजन सोडतं. ५ ग्रॅमच्या पुडीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि आबांसारख्या हृदयरोग्यात खरी काळजी त्याचीच. २०१४ च्या २५८ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्या रुग्णांचं पोटॅशियम २.२ तासांत नॉर्मल झालं आणि ४८ तासांत ९८ टक्के रुग्ण नॉर्मलला आले. त्याच अभ्यासात सूज रोज ५ ग्रॅम घेणाऱ्यांत २ टक्के, १० ग्रॅमवर ६ टक्के आणि १५ ग्रॅमवर १४ टक्के जणांना आली. पोटॅशियम गरजेपेक्षा खाली जाण्याच्या घटनाही वरच्या दोन मात्रांमध्येच दिसल्या.

निवड

पाटिरोमरमध्ये सोडियम नाही, म्हणून कागदावर ते आबांसाठी जास्त योग्य दिसतं. पण दिवसातून तीन वेळा गोळ्या, बागेचं काम, मध्येच नाशिकच्या फेऱ्या, यात तीन तासांचं अंतर पाळणं घरच्यांना जमणार नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं. शिवाय पहिल्या दोन दिवसांत वेगाची गरज होती आणि ती झिर्कोनियमनं पुरी केली होती. म्हणून आम्ही तेच पुढे चालू ठेवलं. ४८ तास दिवसातून तीनदा १० ग्रॅम, नंतर रोज एकदा १० ग्रॅम. पावडर पाण्यात विरघळत नाही. पुडी तीन मोठे चमचे भरतील एवढ्या पाण्यात ढवळायची, खाली बसायच्या आत पिऊन टाकायची आणि ग्लास विसळून तेही प्यायचं. चव नसते. आबा म्हणाले, "पहिल्या पुड्यांपेक्षा ही बरी. दात तरी करकरत नाहीत." पोटाचा एक्स-रे काढायची वेळ आली तर तिथे ही पावडर चालू असल्याचं सांगा, हेही सूनबाईंना लिहून दिलं, कारण ती फिल्मवर दिसू शकते.

डायक्लोफिनॅक कायमचं बंद. कमी सोडियमचं मीठ बंद, साधंच मीठ पण मोजून. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांचा विचार केला होता, पण किडनी सावरून क्रिएटिनिन २.१ वर आल्यावर बायकार्बोनेट २१ झालं, मग आणखी सोडियमचा बोजा टाकला नाही.

रॅमिप्रिल पाचव्या दिवशी १.२५ मिलिग्रॅमनं सुरू केलं. पोटॅशियम ४.८ असताना. स्पायरोनोलॅक्टोन दोन आठवडे थांबून १२.५ मिलिग्रॅमनं. किडनीच्या आजारावरची २०२४ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रंही याच दिशेची आहेत. पोटॅशियम वाढलं तर शक्य तोवर ते उतरवायचे उपाय करावेत, रॅमिप्रिलच्या गटातलं औषध कमी किंवा बंद करणं हा नंतरचा पर्याय. औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी ते चालू ठेवायला ती सांगतात. हे वाचायला सोपं आहे. २.१ चं क्रिएटिनिन २.४ झालेलं समोर दिसतं आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, गोळी बंद करू का?", तेव्हा धीर धरून चालू ठेवा म्हणणं सोपं नसतं. त्यासाठी पुढचं रक्त कधी हे त्याच क्षणी ठरवून द्यावं लागतं. आम्ही आठवड्यानं, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्यानं, असं ठरवलं. नमुना नाशिकलाच, सकाळी, मूठ न आवळता.

सूज

तिसऱ्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला. वजन अडीच किलोनं वाढलं होतं. आबा मागून म्हणत होते, "पाय भरून येऊ राहिले." दम नव्हता. ही सूज हृदय ढिलं पडल्यामुळे की पावडरीतल्या सोडियममुळे, हे नुसत्या तपासणीतून सांगता येत नाही. १० ग्रॅममधून रोज ८०० मिलिग्रॅम सोडियम जात होतं, म्हणजे मिठाच्या हिशोबात दोन ग्रॅम. पोटॅशियम ४.४ होतं, म्हणजे मात्रा उतरवायला वाव होता. पुडी ५ ग्रॅमवर आणली, टॉर्सेमाइड दुप्पट केलं, लोणचं-पापड पूर्ण थांबवले. दहा दिवसांत वजन जागेवर आलं.

या टप्प्यावर मी सावध होतो याला आणखी एक कारण आहे. झिर्कोनियमची पावडर आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र देऊन, पंपिंग कमी झालेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला. पावडर घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के जण पोटॅशियम ताब्यात ठेवून स्पायरोनोलॅक्टोनच्या पुरेशा मात्रेवर राहू शकले, न घेणाऱ्यांत ३६ टक्के. फरक मोठा आहे. पण हृदय बिघडून दाखल होणं किंवा हृदयविकारानं मृत्यू यांची बेरीज पावडरीच्या गटात ११ आणि दुसऱ्या गटात ३ होती. घटना थोड्या आहेत, त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, पण मी ती संख्या नजरेआड करणार नाही. या पावडरी घेतल्यानं आयुष्य वाढतं असं आजवर सिद्ध झालेलं नाही. ज्या औषधांनी आयुष्य वाढतं ती टिकवायला त्या मदत करतात, एवढंच म्हणता येतं. म्हणून पंपिंग कमी असलेल्या माणसाला ही पुडी लिहिताना घरात वजनकाटा हवा आणि सकाळचं वजन वहीत हवं. आबांच्या वहीत आता फवारणीच्या नोंदींशेजारी वजनाचा रकाना आहे.

खर्च

याबद्दल लिहिणारे फार थोडे. आबांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा या एका पुडीचा महिन्याचा खर्च जास्त होता. डिसेंबरच्या भेटीत आबा म्हणाले, "द्राक्षाचे पैसे मार्चात येतील, तोवर ही पुडी थांबवली तर?" मुलगा लगेच म्हणाला, "आबा, पैशाचं मी बघतो, तुम्ही मध्ये पडू नका." आबांना ते आवडलं नाही. घरातल्या कर्त्या माणसाला आपल्यासाठी कर्जात भर नको असते आणि त्याचं म्हणणं डावलून दिलेलं औषध फार दिवस घेतलं जात नाही. डॉक्टरनं यात बाजू न घेता हिशोब मांडावा असं मला वाटतं. मी तो मांडला. पोटॅशियम सलग दोन वेळा ४.६ च्या आसपास होतं, खाण्यातली आणि मिठातली कारणं गेली होती. एक दिवसाआड ५ ग्रॅम ही या पावडरीची मान्य मात्रा आहेच. खर्च अर्ध्यावर आला, सोडियमही. दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.९. आबांनी मान डोलावली आणि मुलालाही पटलं. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर रोज घ्यायची, हे तेव्हाच ठरलं.

पुढचं नवरात्र

उपास सोडा म्हणायचं माझ्या मनात नव्हतं. देवीचा उपास मोडायला सांगणाऱ्या डॉक्टरकडे आबा पुन्हा आले नसते आणि मग रक्तही तपासलं गेलं नसतं. आहारतज्ज्ञ मॅडमनी सूनबाईंसोबत बसून नऊ दिवसांची यादी केली. मुख्य जेवण भगरीचं, कारण तिच्यात पोटॅशियम कमी. बटाटा खायचाच तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून द्यायचं. त्यानं बरंच पोटॅशियम निघून जातं. रताळी भाजण्याऐवजी तशाच पद्धतीनं उकडलेली आणि तीही थोडी. दाण्याचं कूट चमच्याच्या मापानं. शहाळं, खजूर, बेदाणे नाहीत. केळ्याऐवजी एखादं सफरचंद. मधुमेहाच्या गोळ्या उपासाप्रमाणे कमी-जास्त करून लिहून दिल्या. डापाग्लिफ्लोझिन नऊ दिवस थांबवलं, कारण उपासात त्यानं रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. पावडर मात्र त्या नऊ दिवसांत रोज.

छाटणीची कंबरदुखी उरली होती. आबांनी या वर्षी वाकून करायची कामं मजुरांकडे दिली, शेक घेतला आणि लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्यालाही मुलानं जाऊन सांगून ठेवलं की आबा आले तर दुखण्याची दुसरी गोळी द्यायची नाही.

पाचव्या माळेला पोटॅशियम ५.१, दसऱ्यानंतर ४.९. क्रिएटिनिन २.२. रॅमिप्रिल आता ५ मिलिग्रॅमवर, स्पायरोनोलॅक्टोन २५ वर. लघवीतली प्रथिनं जवळपास निम्म्यावर आली आहेत, पंपिंग ३८ टक्के. मागच्या वर्षीच्या मार्चनंतर हृदयासाठी दाखल व्हावं लागलेलं नाही. पावडर पुन्हा एक दिवसाआड सुरू आहे. सूज परत आली तर पाटिरोमरकडे वळायचं आणि गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे बसवायच्या, असं घरच्यांशी बोलून ठेवलं आहे. पुढचं रक्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, थंडी पडली तरी नाशिकलाच.